पडद्यामागील कारागीर : चित्रव्यवसायातील नाना कामे आणि आपली झाडीपट्टी

कोहमारा हे आपले गाव दूरच्या प्रवाशांस चौरस्त्याचे गाव म्हणून परिचित आहे. नागपूर-साकोलीकडून येऊन रायपूर-कलकत्त्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग आणि गोंदियाहून नवेगावबांधाकडे उतरणारा रस्ता येथे परस्परांस मिळतात. चौरस्त्यावरील गावाचा म्हणून एक स्वभाव असतो. तेथील मुलांस जग लवकर दिसते. डोळ्यांदेखत गाड्या चारी दिशांना धावत असतात आणि आपणही यांपैकी एखाद्या दिशेस जावे, असे त्यांस लहानपणापासून वाटू लागते. एका पिढीपूर्वी ही दिशा म्हणजे शिक्षकाची किंवा तलाठ्याची नोकरी, नाहीतर नागपूरचा कारखाना, एवढीच असे. अलीकडे आपल्या सभासद कुटुंबांतील मुलामुलींच्या तोंडी एक निराळी दिशा ऐकू येऊ लागली आहे. ‘मला चित्रपटात जायचे आहे,’ असे ती म्हणू लागली आहेत.

हे वाक्य घरात उच्चारले गेले, की वडीलधाऱ्यांच्या मनात त्याचा एकच अर्थ उमटतो. मुलगा नट होणार म्हणतो, मुलगी नटी होणार म्हणते! मग कोणी हसतो, कोणी रागावतो, कोणी शेत विकावे लागेल म्हणून धास्तावतो. क्वचित एखादा भाबडा बाप मुलाच्या रूपाकडे पाहून नसती आशाही बाळगतो. हसणे, रागावणे, भिणे आणि आशाळणे या चारही गोष्टींचे मूळ एकाच गैरसमजात आहे. चित्रपट म्हणजे पडद्यावर दिसणारा चेहरा, असे आपण धरून चालतो. वस्तुतः त्या एका चेहऱ्यामागे पन्नास प्रकारचे कसब राबत असते आणि त्या कसबांवरच या व्यवसायातील बहुसंख्य लोकांची पोटे भरतात. मराठी चित्रपटाचा इतिहास जर कोणती एक गोष्ट निःसंशय सांगत असेल, तर ती ही, की हा व्यवसाय उभारणारी माणसे रूपाच्या दाराने आत आली नाहीत. ती कारागिरीच्या दाराने आली. हा इतिहास आपल्या घराघरांत माहीत व्हावा, एवढ्याच हेतूने हा लेखनप्रपंच आहे.

प्रारंभ अर्थातच दादासाहेब फाळक्यांपासून केला पाहिजे. धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म १८७० साली त्र्यंबकेश्वरी एका विद्वान शास्त्र्यांच्या घरी झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत व पुढे बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी शिक्षण घेतले. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला आणि भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून त्यांचे नाव अजरामर झाले. हे सारे आपणांस शाळेच्या पुस्तकातून ठाऊक असते. परंतु त्यापूर्वीच्या वीस-पंचवीस वर्षांत हा मनुष्य काय काय करीत होता, याकडे आपले लक्ष जात नाही. त्यांनी गोध्र्यास छायाचित्रणाचा धंदा केला. पुराणवस्तू-खात्यात नकाशे काढले. राजा रविवर्म्यांच्या छापखान्यात शिळाप्रेसवरील चित्रछपाईचे काम केले. जादूचे प्रयोग शिकून तेही करून दाखविले. व्यवहारी शेजाऱ्यांस हा धरसोड वृत्तीचा मनुष्य वाटला असेल, तर त्यात नवल नाही. पण पुढे चित्रपट करावयास घेतला, तेव्हा यांपैकी एकही विद्या वाया गेली नाही. छायाचित्रणातून कॅमेरा आणि रसायने समजली होती, नकाशांतून प्रमाणबद्धता हाताला बसली होती, छपाईतून चित्राची अनेक प्रतींत वाढ कशी होते हे कळले होते, आणि मुंडके धडावेगळे करण्याची किंवा देव अंतर्धान पावण्याची युक्ती जादूगाराला कोणी शिकवावी लागत नाही!

‘राजा हरिश्चंद्र’च्या वेळी कामांची वाटणी अशी नव्हतीच. कथा फाळक्यांची, दिग्दर्शन त्यांचे, नेपथ्य त्यांचे, नटांस रंगविणे त्यांचे, आणि फिल्म धुणे, तपासणे व जोडणे हेही त्यांचेच. कॅमेऱ्याचा दांडा फिरविण्यास त्र्यंबकराव तेलंग यांस त्यांनी तयार केले. मात्र या पहिल्या चित्रपटातील एका कामकऱ्याचे नाव फार काळ कोठेच आले नाही. त्या म्हणजे त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई. घरातच राहणाऱ्या सर्व नटमंडळींचा स्वयंपाक त्या करीत. उन्हाचा प्रकाश नटांच्या तोंडावर वळविण्यासाठी पांढरी चादर धरून उभ्या राहत. कोऱ्या फिल्मच्या कडेला भोके पाडण्याचे जिकिरीचे काम त्या अंधारात बसून करीत, आणि रसायनांत फिल्म धुण्यासही त्या मदत करीत. यजमानांनी विमापत्र गहाण ठेवले, त्या वेळी आपले दागिनेही त्यांनी पुढे केले. आजच्या भाषेत सांगावयाचे, तर भोजनव्यवस्था, प्रकाशयोजना, रसायनशाळा आणि भांडवल अशी चार खाती एका गृहिणीने सांभाळली. स्त्रियांनी चित्रपटात जाऊ नये, असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे, की पहिल्याच चित्रपटाच्या मुळाशी एका स्त्रीचे हात होते.

त्या काळी पडद्यावर यावयास मात्र कोणी स्त्री तयार होईना. शेवटी एका उपाहारगृहात स्वयंपाक करणाऱ्या अण्णा साळुंके नावाच्या नाजूक बांध्याच्या तरुणास तारामती करावे लागले. १९१७ सालच्या ‘लंकादहना’त तर राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका याच साळुंक्यांनी केल्या. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. साळुंके केवळ नट म्हणून राहिले नाहीत. पुढे ते छायालेखकही झाले. रूप वयाबरोबर ओसरते, हातातील विद्या ओसरत नाही, हे त्या पाकशाळेतून आलेल्या तरुणास कोणी पुस्तकातून शिकविले नसेल. परंतु त्याने ते जाणले खरे.

फाळक्यांनंतरचे मोठे पीठ कोल्हापूर. तेथील बाबूराव कृष्णराव मेस्त्री, ज्यांस जग बाबूराव पेंटर म्हणून ओळखते, ते १८९० साली मिस्त्रीकाम करणाऱ्या घराण्यात जन्मले. लाकूड, लोखंड, माती यांच्याशी घराण्याचा पिढीजात स्नेह. बाबूराव आणि त्यांचे आतेबंधू आनंदराव या दोघांनी नाटकमंडळ्यांचे पडदे रंगविण्यात मोठे नाव मिळविले. चलच्चित्रांच्या ध्यासाने दोघांनी स्वतःच कॅमेरा बनविण्याचा उद्योग आरंभिला. १९१६ मध्ये आनंदराव वारले. तथापि बाबूरावांनी दामल्यांच्या साहाय्याने तो कॅमेरा पुरा केलाच. परदेशी यंत्र खोलून त्याचे मर्म ओळखावे आणि आपल्या लेथवर तसेच यंत्र उतरवावे, हे काम कोणा पदवीधराने केलेले नाही. मिस्त्रीच्या हाताने केलेले आहे. पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनी निघाली, तिला प्रारंभीचे भांडवल गायिका तानीबाई कागलकर यांनी दिले, आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आला.

बाबूरावांनी केलेला एक बदल आज किरकोळ वाटेल. त्या काळी तो क्रांतिकारक होता. नाटकाप्रमाणे मागे रंगविलेला पडदा सोडून त्यांनी खरोखरीच्या उंची-रुंदीचे, भिंती आणि खांब असलेले देखावे उभारण्यास सुरुवात केली. असे देखावे उभारावयाचे म्हणजे सुतार आला, गवंडी आला, रंगारी आला, मातीकाम करणारा मूर्तिकार आला. नटांच्या वेषांची चित्रे ते आधी कागदावर काढीत, म्हणजे शिंप्यास निश्चित सूचना मिळे. चित्रपटाची भित्तिपत्रकेही ते स्वतःच रंगवीत. ‘सिंहगड’ या १९२३ च्या चित्रपटात त्यांनी कृत्रिम प्रकाशाचा उपयोग केला. त्यासरशी दिवे सांभाळणाऱ्या माणसाचे नवे काम जन्मास आले. तोपर्यंत सूर्य मावळला की चित्रणाचा दिवस संपत असे. १९२५ साली याच कंपनीने ‘सावकारी पाश’ काढला. सावकाराच्या कागदावर अंगठा उठवून जमीन गमावणारा शेतकरी त्यात पडद्यावर आला. धानाच्या बांधावर वाढलेल्या आपल्यासारख्यांस त्या कथेचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

या कंपनीत एक मुलगा पडेल ते काम करीत होता. त्याआधी त्याने हुबळीच्या रेल्वे-कारखान्यात फिटरचे काम केले होते आणि गंधर्व नाटक मंडळीतही काही काळ उमेदवारी केली होती. कोल्हापुरास आल्यावर झाडलोट, सामान वाहणे, देखावे रंगविणे, रसायनशाळेत फिल्म धुणे, कात्रीने तुकडे जोडणे आणि प्रसंगी भूमिका करणे, असे सर्व त्याने केले. ‘सावकारी पाशा’तील तरुण शेतकरी तोच. त्याचे नाव शांताराम राजाराम वणकुद्रे, पुढील व्ही. शांताराम. मोठा दिग्दर्शक होण्यापूर्वी कामाच्या सर्व पायऱ्या त्याने स्वतःच्या पायांनी चढल्या होत्या, आणि म्हणूनच पुढे त्याच्या हाताखालील कोणताही कामगार ‘हे होणार नाही’ असे त्यास सहजासहजी सांगू शकला नसेल.

१ जून १९२९ रोजी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन झाली. तिच्या पाच भागीदारांची कामे पाहिली, म्हणजे चित्रव्यवसायाची सर्व अंगे डोळ्यांसमोर उभी राहतात. शांतारामबापू दिग्दर्शन पाहत. विष्णुपंत दामले यंत्रे आणि पुढे ध्वनिलेखन सांभाळीत. कागलचे शेख फत्तेलाल, म्हणजे सर्वांचे साहेबमामा, कलादिग्दर्शन करीत. केशवराव धायबर छायालेखन करीत. आणि सराफी पेढीचे सीतारामपंत कुलकर्णी हिशेब व पैसा पाहत. हे पाच जण एका जातीचे नव्हते, एका धर्माचेही नव्हते. आपली ही स्मरणिका एका ज्ञातिसंस्थेची असल्यामुळे ही गोष्ट येथे मुद्दाम नोंदवावीशी वाटते. आपली जात आपणांस जवळची माणसे देते, अडचणीच्या वेळी आधार देते. परंतु कामाच्या जागी मनुष्याची ओळख त्याच्या हातावरून पटते. प्रभातच्या फाटकात फत्तेलालांस कोणी त्यांची जात विचारली नाही. देखावा कसा उभा राहिला, एवढेच पाहिले.

१९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट आला, १९३३ मध्ये प्रभात पुण्यास गेली, आणि चित्रपट बोलू लागल्याबरोबर कामांची सारी मांडणीच पालटली. मूकपटाच्या काळी चित्रगृहात बसून पेटी-तबला वाजविणाऱ्यांचा धंदा बुडाला. ज्यांचे रूप चांगले पण वाणी अशुद्ध, असे नट मागे पडले. उलटपक्षी संवादलेखक, गीतकार, संगीत दिग्दर्शक आणि ध्वनिलेखक यांस मागणी आली. ध्वनिलेखकाचे काम तर तोपर्यंत कोणी ऐकलेलेही नव्हते. यंत्राची घरघर आवाजात उतरू नये म्हणून कॅमेरा झाकावा, शब्द स्पष्ट यावेत म्हणून मायक्रोफोन नटाजवळ न्यावा, आणि तो चित्रात दिसू नये म्हणून लपवावा, अशी ती कसरत होती. नवे यंत्र आले की जुनी कामे जातात आणि नवी येतात, हा नियम तेव्हापासून आजपर्यंत अबाधित आहे. फिल्मची पट्टीही गेली, ती धुणाऱ्या रसायनशाळा बंद पडल्या, आणि संगणकावर रंग जुळविणारा, दृश्ये रचणारा, आवाज स्वच्छ करणारा असा नवा कारागीर त्या जागी आला. ज्यांस मूळ विद्या अवगत होती, म्हणजे प्रकाश कसा पडतो आणि आवाज कसा ऐकू येतो हे ज्यांस कळत होते, त्यांचा निभाव यंत्र बदलल्यावरही लागला.

प्रभातच्या वैभवाचा कळस म्हणजे १९३६ चा ‘संत तुकाराम’. दिग्दर्शन दामले-फत्तेलालांचे, म्हणजे एका यंत्रज्ञाचे व एका चित्रकाराचे. १९३७ च्या व्हेनिस येथील महोत्सवात त्याचा गौरव झाला आणि मुंबईच्या एकाच चित्रगृहात तो वर्षाहून अधिक काळ चालला. विष्णुपंत पागनीस यांचे तुकाराम लोकांच्या मनात असे ठसले, की पुढे कित्येक घरांतील तसबिरींत तुकोबांचा चेहरा पागनीसांसारखाच दिसू लागला. जिजाईची भूमिका करणाऱ्या गौरी या काही आधीपासून नामांकित नटी नव्हत्या; कंपनीत लहानसहान कामे करीतच त्या पुढे आल्या होत्या. या चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी एक पद रचले. ते इतके तुकोबांच्या वळणाचे साधले, की पुष्कळ लोकांस ते खुद्द तुकोबांचेच वाटले आणि अजूनही वाटते. कारागिराची ही मोठी धन्यता होय आणि मोठी उपेक्षाही होय. काम इतके चोख झाले, की करणाऱ्याचे नावच पुसले गेले.

पुढील काळातील तीन नावे घेऊन हा इतिहास आजपर्यंत आणतो. कोल्हापूरच्याच अण्णासाहेब राजोपाध्ये या चित्रकारांनी बाबूराव पेंटरांच्या चित्रपटांसाठी काम केले होते. त्यांची कन्या भानुमती १९२९ साली जन्मली. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले, तरी चित्रकलेची ओढ सुटली नाही. जे. जे. कलाशाळेत शिकून तिने स्त्रियांच्या मासिकांसाठी पोशाखांची चित्रे काढली, आणि त्या वाटेने ती वेषभूषेकडे वळली. ह्याच भानू अथैया. ‘गांधी’ चित्रपटातील वेषभूषेसाठी १९८३ साली त्यांस अमेरिकेतील ऑस्कर पारितोषिक मिळाले. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय होत. आपल्या देशात नट पुष्कळ झाले, दिग्दर्शकही थोर झाले. परंतु तो पहिला मान कापड, सुई आणि रंग यांची जाण असलेल्या एका मराठी स्त्रीकडे आला, ही गोष्ट घरात शिवणयंत्र असलेल्या प्रत्येक मुलीस सांगण्यासारखी आहे.

दुसरे नाव वामन भोसले यांचे. गोव्यातील पोंबुर्पा गावचा हा तरुण नोकरीच्या शोधात मुंबईस आला आणि संकलनाच्या खात्यात उमेदवार म्हणून लागला. संकलक म्हणजे चित्रित झालेल्या तुकड्यांतून नको ते काढून हवे ते जोडणारा. कोणता क्षण किती वेळ ठेवावा, हे तो ठरवितो. प्रेक्षक हसतो किंवा दचकतो, तो पुष्कळदा त्याच्या कात्रीमुळे. भोसले यांनी हिंदीतील कित्येक गाजलेले चित्रपट जोडले, आणि ‘इन्कार’ या १९७७ च्या चित्रपटासाठी त्यांस राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २०२१ साली ते निवर्तले, तेव्हा त्यांचे चित्रपट पाहिलेल्या लाखोंपैकी फारच थोड्यांस त्यांचा चेहरा ठाऊक असेल. तिसरे नाव रंगभूषाकार विक्रम गायकवाड यांचे. तरुण नटास म्हातारा करणे, आजच्या मनुष्यास इतिहासातील पुरुषाचे रूप देणे, या कामात त्यांनी अनेकवार राष्ट्रीय पुरस्कार मिळविले. २०२५ साली त्यांचे निधन झाले. या तिघांपैकी कोणीही पडद्यावरील चेहऱ्याच्या बळावर मोठे झालेले नाही.

आता कोणी म्हणेल, की मुंबई, पुणे आणि कोल्हापूर ही आपल्यापासून शेकडो कोस दूर. त्यांच्या गोष्टींचा कोहमाऱ्यास काय उपयोग? याचे उत्तर आपल्या अंगणातच आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या झाडीच्या मुलखाची स्वतःची रंगभूमी आहे. धानाची कापणी-मळणी होते, दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, शंकरपट होतात, आणि त्यांच्या जोडीने रात्रभर नाटके चालतात. या परंपरेचे मूळ दंडार आणि खडी गंमत यांसारख्या लोकनाट्यांत आहे. झाडीबोलीचे व्यासंगी अभ्यासक डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी दंडारीचा साक्षेपाने अभ्यास केलेला आहे. पूर्वी गावातीलच हौशी मंडळी तालमी करून नाटक बसवीत, आणि स्त्रीभूमिकाही पुरुषच करीत. पुढे यातून व्यावसायिक मंडळ्या निघाल्या. गडचिरोली जिल्ह्यातील वडसा, म्हणजे देसाईगंज, हे त्यांचे केंद्र बनले. हंगामाच्या तोंडी मंडळ्या तेथे आपापल्या पाट्या लावून बसतात आणि गावोगावची मंडळे जाऊन नाटक ठरवून येतात. या रंगभूमीची सेवा करणारे कुरखेडा तालुक्यातील शेतकरी-कलावंत परशुराम खुणे यांस २०२३ साली पद्मश्री किताब मिळाला. ‘झॉलीवूड’ या २०२२ च्या मराठी चित्रपटाचा विषयच ही रंगभूमी होता.

अशा एका मंडळीत कोणकोणती कामे असतात, ती मोजून पाहावीत. नाटक लिहिणारा लेखक, तालीम घेणारा दिग्दर्शक, नट-नट्या, गायक, पेटी व तबला वाजविणारे, पडदे आणि देखावे सांभाळणारे, दिवे व ध्वनिक्षेपक लावणारे, कपडेपट पाहणारे, रंगभूषा करणारे, मंडप व तिकिटे पाहणारे, गावोगाव ठरावाची बोलणी करणारे, हिशेब ठेवणारे, गाडी चालविणारे. ही यादी आणि प्रभातच्या पाच भागीदारांची यादी शेजारी ठेवली, तर प्रकार तोच आहे, प्रमाण निराळे. ज्या मुलाने मंडईच्या थंडीत रात्रभर जागून एकाही प्रवेशात आवाज बिघडू दिला नाही, त्याने ध्वनिलेखनाचा पहिला पाठ गिरविला आहे. ज्या मुलीने एका पात्राचे वस्त्र दोन प्रवेशांच्या मध्ये झटपट बदलून दिले, तिला वेषभूषेचे मर्म कळले आहे. आपण या कामांस ‘नाटकातील धावपळ’ म्हणतो. ते वस्तुतः शिक्षण आहे, आणि ते आपल्या दाराशी मिळते आहे.

या व्यवसायाचे उणे अंगही इतिहासानेच दाखविले आहे, आणि ते सांगितल्यावाचून हा लेख पुरा करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ज्यांच्या नावाने १९६९ पासून देशाचा सर्वोच्च चित्रपट-पुरस्कार दिला जातो, ते दादासाहेब फाळके १९४४ साली नाशिकास जवळजवळ विस्मृतीत आणि हलाखीत वारले. प्रभातसारखी वैभवशाली कंपनी पंचवीस वर्षेही टिकली नाही. १९५३ साली ती बंद झाली. चित्रपटातील बहुतेक कामे आजही ठरावाची असतात. चित्रपट संपला की काम संपले. पुढले मिळेपर्यंत हात रिकामे. मजुरी वेळेवर मिळत नाही, रात्रीचा दिवस करावा लागतो, आणि आजारपणात विचारणारा कोणी असतोच असे नाही. झाडीपट्टीतील कलावंताचीही हीच तऱ्हा आहे. हंगाम चार-पाच महिन्यांचा, उरलेले वर्ष शेतीवर किंवा मजुरीवर. म्हणूनच हातातील कसब असे असावे, की ज्याचे चित्रपटाबाहेरही मोल यावे. सुतार, विजेचे काम जाणणारा, शिवणकाम जाणणारी, छायाचित्रे घेणारा, हिशेब ठेवणारा, यांस चित्रपट नसला तरी गावात आणि शहरात काम आहे. केवळ चेहऱ्याच्या भरवशावर गेलेल्यास ते नाही.

आणखी एक इशारा द्यावा लागतो. चित्रपटात काम मिळवून देतो, तुमच्या मुलीची निवड झाली आहे, छायाचित्रांच्या संचासाठी अमुक रक्कम भरा, अशी गोड बोलणी करणारे लोक लहान गावांतील पालकांस गाठतात. इतिहासात असे एकही उदाहरण दिसत नाही, की फाळक्यांनी, बाबूरावांनी वा प्रभातने कोणा होतकरू माणसाकडून पैसे घेऊन त्यास काम दिले. काम देणारा पैसे देतो. तो मागत नाही. ज्याने पैसे मागितले, त्याच्याशी व्यवहार तेथेच थांबवावा. मुलीस परगावी पाठविताना कामाचे ठिकाण, सोबत कोण आणि राहण्याची सोय काय, याची चौकशी स्वतः जाऊन करावी. यात अविश्वास नाही, व्यवहार आहे.

रीतसर शिकावयाचे, तर वाटा खुल्या आहेत. प्रभातच्या ज्या जागेत ‘संत तुकाराम’ घडला, त्याच जागेत १९६० साली सरकारची चित्रपट-शिक्षणसंस्था निघाली. पुण्याची फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट ती हीच. दिग्दर्शन, छायालेखन, संकलन, ध्वनिलेखन, कलादिग्दर्शन, पटकथालेखन आणि अभिनय यांचे पृथक् शिक्षण तेथे मिळते. म्हणजे अभिनय हा तेथील अनेक विषयांपैकी एक आहे. चित्र काढणाऱ्या मुलांसाठी मुंबईचे जे. जे. आहे आणि आपल्या जवळ नागपूरचे शासकीय चित्रकला महाविद्यालय आहे. प्रवेश-परीक्षा असतात, जागा थोड्या असतात, हे खरे. पण तेथे कोणाचे तोंड पाहून निवड होत नाही. आणि ज्यास इतके दूर जाता येत नाही, त्याने एक हंगाम एखाद्या नाटकमंडळीबरोबर राबून पाहावा. त्यातून त्याचा निश्चय खरा की हौस खरी, हे त्यास आणि घरच्यांसही कळून येईल.

आपल्या मंडळापुढे या निमित्ताने तीन सूचना नम्रपणे ठेवतो. पहिली, आपल्या सभासद कुटुंबांतील ज्या वृद्धांनी दंडारीत, खडी गमतीत वा नाटकांत पडदे रंगविले, पेटी वाजविली, सोंगे रंगविली, त्यांची नावे व आठवणी लिहून ठेवाव्यात. अशा लोकांचे काम आठवते आणि नाव विसरले जाते; ही चूक एवढ्या मोठ्या इतिहासात घडली, ती निदान आपल्या घरात घडू नये. दुसरी, मंडळाच्या शिष्यवृत्त्यांत वैद्यक आणि अभियांत्रिकी यांच्या जोडीस चित्रकला, शिवणकला, छायाचित्रण आणि ध्वनिविद्या शिकणाऱ्यांसाठी एखादी लहानशी शिष्यवृत्ती ठेवावी. तिसरी, या व्यवसायात आधीच असलेल्या आपल्या किंवा परिचित लोकांची माहिती मंडळाच्या कार्यालयात असावी, म्हणजे परगावी जाणाऱ्या मुलामुलींस पहिल्या रात्री विचारपूस करणारे एक तरी घर सापडेल.

आणि वडीलधाऱ्यांस एकच विनंती. यापुढे घरात कोणी ‘मला चित्रपटात जायचे आहे’ असे म्हणाले, तर हसू नये, रागावू नये. शांतपणे एवढेच विचारावे, ‘बाळ, त्यातले कोणते काम करणार? आणि ते तुझ्या हाताला किती येते?’ मुलाने उत्तर दिले, तर त्यास कोणाकडे शिकावयास पाठवावे, याचा विचार करता येईल. उत्तर नसेल, तर शोधण्यास त्यास एक हंगाम द्यावा. धान कापून झाले आहे, मंडई जवळ आली आहे, आणि नाटकाच्या मांडवात हाताची नेहमीच गरज असते.